सहा गठ्ठ्यांबद्दल आभार, मॅडम

आदरणीय मॅडम,
सा. न.

नायब तहसीलदार पदावरून निवृत्त होताना, निरोप समारंभात तुम्ही आधीच दम भरला होता, ‘भाषणं आटोपती घ्या, नंतर मला बस नाही.’ साहेब बोलले, अव्वल कारकून बोलले, कोतवालदादाही चार शब्द बोलले आणि माझी पाळी येईपर्यंत शाल-श्रीफळ होऊन गेलं. वेगळं पत्र पाठवलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणून ते ड्रॉवरमध्ये ठेवलं असतं. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते. शिवाय महसूल सहायक, म्हणजे महसूल खात्यातले कारकून, म्हणून नवीन लागलेली बरीच मुलंमुली सध्या घरापासून लांबच्या तालुक्यात हजर होतायत, त्यांनाही यातलं काही कामी येईल.

मी लातूर जिल्ह्यातली, नेमणूक कोकणात. हजर झाले तेव्हा डोक्यात टपालापेक्षा घरचीच कामं जास्त होती. राहायला खोली मिळायची होती. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. साखरपुड्याची बोलणी अर्धवट होती. पुण्यात अभ्यासाला राहिले होते त्या खोलीचं डिपॉझिट मालकाकडे अडकलं होतं. त्यातच चारित्र्य पडताळणी, जिल्हा शल्य चिकित्सकांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, पगाराचं खातं, पेन्शन खात्याचा प्रान क्रमांक. आणि मला दिलं आवक-जावक, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंद! दिवसभर लोक अर्ज घेऊन खिडकीशी उभे, माझा मोबाईल टेबलावर थरथरतोय आणि कानात आईचं वाक्य, ‘अगं, डॉक्टर तारीख विचारतायत.’

तुम्ही दोन-चार दिवस नुसतं बघितलंत. मग एका दुपारी डबा झाल्यावर मला कपाटापाशी नेऊन तुमचं दप्तर उघडलंत. सहा गठ्ठे पद्धत. महसुलाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: कारकुनाच्या टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात जातो. पहिल्यात आपण कार्यवाही करायची ती प्रलंबित प्रकरणं. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे आपलं काम झालंय, दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे. तिसऱ्यात ठरावीक मुदतीला पाठवायची नियतकालिकं, चौथ्यात स्थायी आदेशांची संचिका, पाचव्यात निकाली निघून अभिलेख कक्षात जायची प्रकरणं आणि सहाव्यात नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. हे मला पायाभूत प्रशिक्षणात कुणीतरी शिकवलंच असतं. पण तुम्ही पुढे म्हणालात, ‘आता घरच्या कामांचं दप्तर लाव.’ आणि पाठकोरा कागद पुढे सरकवलात.

मला वाटलं चेष्टा करताय. तुम्ही पेनचं टोपण काढून वाट बघत बसलात.

त्या कागदानं माझं काय केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझ्या डोक्यातली निम्मी कामं मुळात माझ्या हातातच नव्हती. बाबांची साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं, म्हणजे प्रतीक्षाधीन. प्रान क्रमांक कोषागाराकडून यायचा, तोही प्रतीक्षाधीन. मी मात्र दिवसभर त्यांचीच काळजी वाहत होते आणि खोली बघणं, जे एकट्या माझंच काम होतं, ते रोज उद्यावर ढकलत होते. प्रतीक्षाधीन प्रकरणापुढे पुढची तारीख लिहायची आणि ती येईपर्यंत ते उघडायचं नाही, हा तुमचा नियम. डिपॉझिटसाठी तर तुम्ही रीतसर क्रम आखून दिलात: आधी साधा फोन, मग स्मरणपत्र एक, मग स्मरणपत्र दोन, आणि त्यालाही दाद नाही मिळाली तर अर्धशासकीय पत्र, म्हणजे अधिकाऱ्याला नावानिशी लिहिलेलं पत्र. इथे अर्धशासकीय म्हणजे मालकाच्या बायकोला फोन! पैसे तिथेच सुटले.

नियतकालिकांत खोलीभाडं, मेस, शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि रविवारी आईला निवांत फोन. स्थायी आदेशांत नेमणुकीचा आदेश, जात वैधता, टायपिंगची प्रमाणपत्रं, एमएस-सीआयटी, सगळ्यांच्या साक्षांकित प्रती एकाच फायलीत. सेवापुस्तक उघडताना कागद शोधत बसावं लागलं नाही, ते त्या फायलीमुळे. ‘ड’ गठ्ठ्याबद्दल फार लिहीत नाही. त्यात कुणाकुणाची बारशी आणि वास्तुशांती गेल्या हे नातेवाईक वाचतील.

एका नोंदीपाशी मात्र आपण दोघी अडलो होतो. राज्यसेवेचा अभ्यास. मी तो ‘ड’मध्ये टाकायला निघाले होते, नोकरी लागली, आता पुरे, असं वाटत होतं. तुम्ही माझ्या हातातलं पेन घेऊन ते दुसऱ्या गठ्ठ्यात लिहिलंत आणि पुढे शेरा मारलात: ‘दुय्यम सेवा परीक्षेनंतर सादर करावे.’ ही विभागीय परीक्षा आधी, कारण नोकरी पक्की व्हायला ती लागते. स्वप्न दप्तराबाहेर टाकायचं नाही, पण त्याला तारीख लावायची, हे सांगायला तुम्हाला एक ओळ पुरली. तो शेरा अजून माझ्याकडे आहे. माझी दुय्यम सेवा परीक्षा झाली, राज्यसेवेचं प्रकरण आता पहिल्या गठ्ठ्यात आलंय.

पैशांच्या बाबतीतही तुम्ही वेळीच सावध केलंत. पहिला पगार पहिल्या महिन्यात येईल असं धरून चालू नकोस, सेवार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीत नाव चढेपर्यंत थांबावं लागतं, असं सांगून तुम्ही मेसवाल्या काकूंना परस्पर निरोप दिलात, ‘हिचं खातं लिहून ठेवा.’ हे मला काकूंकडूनच कळलं.

रजेचं गणितही तुमचंच. वर्षाला किरकोळ रजा ८ दिवस. घरच्यांना वाटतं सरकारी नोकरी म्हणजे सुट्ट्याच सुट्ट्या. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, तशी कचेरीची वेळही सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा झाली, आणि शिवाय निवडणूक किंवा पुराचे पंचनामे आले की महसुलाला शनिवार-रविवार उरत नाही. तुम्ही सांगितलंत, किरकोळ रजा लग्नकार्यांवर उधळू नकोस, बाबांसाठी राखून ठेव. शुक्रवार घे, शनिवार-रविवार जोडून मिळतील, आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी लेखी घे, तोंडी नको. ऑपरेशनची तारीख आली तेव्हा गुरुवारी पनवेलहून रात्रीच्या गाडीत बसताना माझ्या अर्जावर सही झालेली होती.

त्या शुक्रवारी माझ्या जागेवर कोण बसलं हे मी विचारलं नाही, कारण सोमवारी आवक नोंदवही उघडताच तुमचं अक्षर दिसलं. सेवानिवृत्तीला आलेल्या नायब तहसीलदार मॅडम खिडकीशी बसून अर्जांवर शिक्के मारत होत्या, हे शिपाईमामांनी नंतर रंगवून सांगितलं. एकही टपाल शिल्लक नव्हतं. बाबांना आता पेपर चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण समोरचं माणूस लांबून ओळखतात. तुमचा फोटो दाखवला तर म्हणाले, ‘ह्या साहेब कडक दिसतात.’

कडक होताच. दुपारी एकपर्यंत मोबाईल ड्रॉवरमध्ये, हा हुकूम मला सुरुवातीला जाचला होता. आणि एका गोष्टीत मी तुमच्याशी आजही सहमत नाही: आमच्या रजा जुळवून देताना तुम्ही स्वतःच्या दरवर्षी वाया घालवल्यात. ३१ डिसेंबरला तुमच्या किरकोळ रजा शिल्लक असायच्या आणि त्याचा तुम्हाला थोडा अभिमानही होता. हे कुणी शिकू नये.

साखरपुडा झाला. लग्न मे महिन्यात, लातूरला. ऊन फार असेल, म्हणून मुहूर्त संध्याकाळचा धरलाय. तुमचं पनवेल-लातूर तिकीट मी काढणार आहे, त्यावर वाद नको. पत्रिका टपालानं पाठवते. मिळाली की पोच द्या, नाहीतर स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन आणि मग तुमच्या मुलीला अर्धशासकीय.

आपली विश्वासू,
आवक-जावकवाली