चवथीला येताना ते वेप आणू नकोस

फोंडा, 20 जुलै

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांत एकही सिगारेट ओढली नाहीस, हे आईला वाचून दाखवलं तर ती देवखोलीत जाऊन दिवा लावून आली.

आधी कामाचं सांगतो. चवथीला येताना, ज्याच्यावर तू सिगारेट सोडलीस ते वेप, म्हणजे ती ई-सिगारेट, मँचेस्टरलाच ठेव. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. आयात किंवा विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निकोटीन गम इथल्या फार्मसीत मिळतो, मी आणून ठेवतो.

आता दादाचं. एकतीस वर्षं, रोज वीस सिगारेटी. पहाटे चारला त्याचा खोकला सुरू झाला की वहिनी उठून पाणी तापवते. जूनमध्ये गम चघळत त्याने नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी बसस्टँडकडच्या गाड्यावरून एक सुटी सिगारेट घेतली आणि घरी येऊन माझ्यासमोर रडला. मग म्हणाला, "सुहासला चालतं ते मला का नाही रे?"

काय सांगणार होतो मी? निकोटीन माणसाला बांधून ठेवतं हे खरं, पण दादाची छाती भरलीय ती जळणाऱ्या तंबाखूच्या डांबराने. वेपमध्ये काही जळत नाही, तापलेली तार द्रवाची वाफ करते. ती वाफही निर्धोक नाही, वीस-तीस वर्षांनी काय होईल ते अजून कळायचंय. पण धूर काय करतो ते आम्ही घरात बघतोय. 2005 साली गोव्यात गुटख्यावर बंदी आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण बंदी त्या विषावरच होती. इथं मात्र सगळ्यात घातक वस्तू गाड्यागाड्यावर आणि तिच्यापेक्षा कमी घातक ती गुन्हा.

तरी सगळं खुलं करा असं मी म्हणणार नाही. ताईच्या धाकट्याच्या कंपासपेटीत मला एक निळी कांडी सापडली. मी ती हायलायटर समजलो. टोपण काढायला गेलो तर लिचीचा गोड वास आला. वेष्टनावर निकोटीन 5 टक्के, बनवणाऱ्याचं नाव नाही. तुमच्याकडे मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, 5 टक्के म्हणजे सुमारे 50, जवळजवळ अडीचपट. पोरगा चौदा वर्षांचा, आयुष्यात बिडी शिवलेला नाही. किनाऱ्याकडच्या कुठल्याशा दुकानात काउंटरखालून मिळाली म्हणाला. वय कोणी विचारलं नाही. चोरून विकणारा कशाला विचारेल?

म्हणून मला वाटतं, दादासारख्याला ई-सिगारेट डॉक्टरच्या चिठ्ठीवर, फार्मसीत, ठरलेल्या मात्रेची आणि बिनचवीची मिळावी. पोरांना विकेल त्याला मात्र आजच्यासारखीच कैद. एकदा वापरून फेकायच्या कांड्या तुमच्याकडे 1 जून 2025 पासून बंद झाल्या, तशा इथंही बंदच राहू देत. आमदारांना मी हेच लिहून दिलंय, अजून उत्तर नाही.

दादा पुन्हा गमवर आहे. आज चौथा दिवस. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला आदल्या दिवशीच ये आणि त्याच्यासोबत शिडीपाशी राहा. पहिले पंधरा दिवस तू कसे काढलेस ते त्याला तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

तुझा,
मंगेश