पुरात भेटी नकोत, आकडे हवेत

पूर ओसरला की पंचनामे होतात, पण पुढाऱ्यांच्या वागण्याचा पंचनामा कोणी करत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली असताना बोटीतून हात हलवणाऱ्या मंत्र्यांची चित्रफीत फिरली. दोन दिवसांपेक्षा जास्त काळ घर बुडालेल्यांनाच मोफत 10 किलो गहू, 10 किलो तांदूळ, हा आदेश त्याच सुमारास निघाला. मदतीच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रं! याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावी बोट उलटून माणसं गेली, कारण बोटी कमी आणि चढणारे जास्त.

अशा वागण्यातून आलेल्या अविश्वासाची किंमत पुढच्या पुरात मोजावी लागते. 'घर सोडा' असं सांगूनही लोक जनावरांपाशी थांबतात. त्यांना हवी असते ती नेमकी माहिती: कोयना धरणातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडलं, सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी किती, ती 40 फुटांची इशारा आणि 45 फुटांची धोका रेषा कधी ओलांडेल, छावणीत वैरण आहे का. हे पालकमंत्र्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी स्वतः सांगावं. अंदाज चुकला तर पुढच्या वेळी तेही सांगावं. सुटका चालू असेपर्यंत दौरे टाळावेत. ताफा आला की पोलीस, तहसीलदार, प्रसंगी बोटसुद्धा त्यातच अडकते. आणि पाकिटावर फोटोऐवजी नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक छापावा.

– एक वाचक, सांगली