कंपनी विकली गेली, पण जुना माल कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारत, चीनसारख्या देशांतील उद्योगसमूहांनी विकत घेतलेल्या परदेशी कंपन्यांविषयीचा आपला कालचा अग्रलेख वाचला आणि रात्रभर तोच डोक्यात राहिला. नवा मालक जुन्या कारभाराला हात लावत नाही, म्हणून अशा कंपन्या बहरतात, असा आपला निष्कर्ष आहे. जग्वार लँड रोव्हर आणि व्होल्व्हो ही आपली दोन्ही उदाहरणे खरी आहेत. फोर्डने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर टाटांना आणि २०१० मध्ये व्होल्व्हो ही स्वीडनची मोटार कंपनी चीनच्या गीलीला विकली. व्होल्व्होचे मुख्यालय गोथेनबर्गलाच राहिले, जग्वार लँड रोव्हरच्या गाड्यांची आखणीही इंग्लंडमध्येच होत राहिली. परंतु मोटारीच्या धंद्यात खरी किंमत कंपनीच्या नावाला असते आणि ते नाव ज्यांनी घडवले, त्यांना दुखावणे कोणत्याही मालकाला परवडत नाही. सगळ्या धंद्यांत असे नसते.

त्याच टाटांनी २००७ मध्ये ब्राझीलच्या सीएसएन या पोलाद कंपनीशी चढाओढ करून, शेअरमागे ६०८ पेन्स मोजून कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली. तिचे पुढे काय झाले, याबद्दल अग्रलेखात एक ओळही नाही. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली. कोरसचा इंग्लंडमधील टीसाइडचा कारखाना २०१० मध्ये थंडावला. थायलंडच्या एसएसआय या पोलाद कंपनीने तो २०११ मध्ये घेतला, भट्टी पुन्हा पेटवली आणि २०१५ मध्ये तो कायमचा बंद पडला. तिचाच स्कन्थॉर्पचा कारखाना २०१६ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकला गेला, २०२० मध्ये चीनच्या जिंग्ये या कंपनीकडे गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारला संसदेत तातडीचा कायदा करून त्याचा ताबा घ्यावा लागला. वेल्समधील तिच्या पोर्ट टालबोटच्या कारखान्याची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. या सगळ्याचा दोष एकट्या नव्या मालकांना देता येणार नाही, कारण पोलादाचे भाव पडले होते आणि भट्ट्याही जुन्या होत्या. तरीही एकाच कंपनीचे तुकडे भारतीय, थाई आणि चिनी हातांतून गेले आणि त्यांपैकी एकही सुखाने नांदला नाही, हे वाचकांना सांगायला हवे होते.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितो आहे, कारण अशाच एका व्यवहाराचा फटका मला घाटंजी तालुक्यात बसून सोसावा लागला आहे. माझे कृषी केंद्र आहे. एका युरोपीय कीटकनाशक कंपनीची एजन्सी माझ्याकडे एकोणीस वर्षे होती. पोळा झाला की कंपनीचे साहेब मोटारसायकलवर येत, गोदामात स्वतः खोकी मोजत, न खपलेला माल मुदत संपण्यापूर्वी परत नेत आणि दिवाळीच्या आत त्या मालाची रक्कम जमा दाखवणारी क्रेडिट नोट हाती पडे. हे कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते, पण एकाही वर्षी चुकले नाही. २०२१ मध्ये ती कंपनी आशियातील एका मोठ्या समूहाने घेतली. बाटली तीच राहिली, लेबलवरचे चित्रही तेच राहिले. अकोल्याचा डेपो मात्र बंद झाला आणि त्या साहेबांना सहा महिन्यांत घरी बसवले गेले.

त्या हंगामात माझ्याकडे अठ्ठावीस खोकी उरली होती. हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस हिंदीतून नवा तक्रार क्रमांक देई. शेवटी उत्तर आले, की जुन्या कंपनीच्या बिलावरचा माल नव्या कंपनीच्या परतीच्या धोरणात बसत नाही. मग माझे पन्नास हजारांचे डिपॉझिट कोणत्या कंपनीकडे आहे, असे मी रजिस्टर पोस्टाने तीनदा विचारले. दोन पत्रांना उत्तर नाही आणि तिसरे 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन परत आले. त्या व्यवहाराची बातमी आपण अर्थपानावर ठळक छापली होती, शेअर किती वधारला तेही दिले होते. विक्रेत्यांच्या जुन्या येणे रकमांचे काय, हा प्रश्न तेव्हाही कोणाला पडला नाही.

मुदत संपलेले औषध वेगळे ठेवून त्यावर 'विक्रीसाठी नाही' असे लिहावे लागते. मी लाल रंगाने तसे लिहिले आहे. काही बाटल्यांची बुचे पाझरू लागली आहेत, ओलीने पुठ्ठा फुगला आहे आणि उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात पाच मिनिटेही उभे राहवत नाही. हे विष नाल्यात ओतता येत नाही, जमिनीत पुरता येत नाही आणि कंपनी ते नेत नाही. नुकसान माझे आहे, ते मी सोसेन. परंतु तुडतुड्यांसाठी तीच बाटली मागणारा शेतकरी आता विचारतो, "भाऊ, त्या साहेबाले बोलवा ना, वावर पाहून प्रमाण सांगन." त्याला मी काय सांगावे? पूर्वी बांधावर उभे राहून, पंपाला किती मिली टाकायचे आणि तोंडाला फडके का बांधायचे, हे समजावणारा माणूस कंपनीचाच होता. आता ते काम मोबाइलवरच्या चित्रफितीवर सोपवले आहे, तेही फवारणीत विषबाधा होऊन २०१७ मध्ये माणसे दगावलेल्या या यवतमाळ जिल्ह्यात.

कंपनी विकल्यानंतर तिचे बरे चालले आहे की नाही, हे ठरवताना आपण नफा आणि विक्री पाहिली. पुढच्या लेखाआधी आपल्या प्रतिनिधीला एकदा आमच्या तालुक्यातील गोदामांतही पाठवावे. माझे गोदाम मी स्वतः उघडून दाखवीन.

आपला,
एक कृषी केंद्रचालक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ