घोड्यांच्या दाढा बघणारा एक डॉक्टर नाशिकला द्या: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पंकजाताई मुंडे,
पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

ताई, नमस्कार.

मी पंचवटीतला. वडिलांचा टांगा होता, आता आमच्याकडे वरातीच्या घोड्या आहेत. मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नाही मिळाला तरी चालेल. नाशिकच्या सरकारी पशुदवाखान्यात घोड्यांचे दात तपासायची आणि कानशीने घासून धार काढायची सोय करा, आणि ती २०२७ च्या सिंहस्थाच्या आधी करा.

घोड्याचे दात आपल्यासारखे एकदा येऊन थांबत नाहीत. दाढ जबड्यात खोलवर लांबलचक असते, वरून झिजते आणि वर्षाला साधारण दोन-तीन मिलीमीटर बाहेर सरकत राहते, हे पार म्हातारपणापर्यंत चालू. त्यात वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड नीट झिजत नाही, तिला धार येते. वरची धार गाल कापते, खालची जीभ कापते. मोकळा चरणारा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास गवत खातो आणि जबडा आडवा फिरवत जात्यासारखं दळतो, त्यात बऱ्यापैकी झीज होते. आमच्या शहरातल्या घोड्यांना काय मिळतं, कडब्याची कुट्टी, भुसा आणि तोबऱ्यात चंदी. बारीक चारा आणि दाणा खाताना जबडा तेवढा आडवा फिरतच नाही, म्हणून धार लवकर येते. घोडेवाला कितीही जीव लावणारा असला तरी हे टळत नाही, वर्षातून एकदा तरी दाढा घासाव्याच लागतात.

आणि हे बाहेरून दिसत नाही हो, खरी अडचण ती आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत बघा, गिऱ्हाईक आधी घोड्याचं तोंड उघडतं, पण बघतं काय, तर पुढचे दात, वय कळावं म्हणून. दाढा पार आत गालामागे असतात, तिथपर्यंत नजर जात नाही आणि हात घालावा तर बोटं जायची. तोंड उघडं धरून ठेवणारी लोखंडी चौकट, गॅग म्हणतात तिला, आणि डोक्याला लावायचा टॉर्च, हे असल्याशिवाय डॉक्टरलाही मागची दाढ दिसत नाही.

आमची एक घोडी घास चावायची, चावायची आणि ओला बोळा करून खाली टाकून द्यायची. मान वाकडी करून एकाच बाजूने चावायची, लीदमध्ये हरभरे अख्खेच्या अख्खे पडायचे, लगाम दाखवला की डोकं वर. एका ठिकाणी दाखवली, जंताचं औषध दिलं. परत दाखवली, लिव्हरचं टॉनिक दिलं. तोंड कुणी उघडलंच नाही, कारण उघडायला काही नव्हतंच त्यांच्याकडे, मी त्यांना दोष देत नाही. बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा ओळखीतून पुण्याचे एक डॉक्टर आले, रेसच्या घोड्यांचं काम करणारे. गुंगीचं इंजेक्शन दिलं, गॅग लावला आणि मला आत बघायला लावलं. दोन्ही गालांना आतून जखमा, जिभेच्या कडेला चिरा, आणि वरच्या पहिल्या दाढेला पुढे आकड्यासारखं टोक वाढलेलं. लांब दांड्याच्या कानशीने त्यांनी ते सगळं घासलं. त्या धारेला नस नसते त्यामुळे बेताने घासलं तर दुखत नाही, जास्त घासलं तर मात्र आतला जिवंत भाग उघडा पडतो, म्हणून हे शिकलेल्या माणसाचंच काम आहे. थोड्याच दिवसांत घोडी भरडा सोडून नीट लांब चारा खायला लागली. पुण्याहून डॉक्टर बोलवायची ऐपत नाशिकच्या किती घोडेवाल्यांची आहे सांगा ताई.

नीट न चावलेला चारा घशात अडकतो, आतड्यात साचतो, पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने घोडा रात्रीत जातो. सगळे म्हणतात पोटाने गेला. वरच्या मागच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला लागून असतात, मुळाला पू झाला की तो पोकळीत उतरतो आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो. आता नाकातून पू आला की आम्हा लोकांना पहिली भीती ग्लँडर्सची, म्हणजे घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गाच्या रोगाची, आणि ती असायलाच पाहिजे, तो माणसालाही होतो, रक्ताची तपासणी व्हायलाच हवी. पण तपासणी निगेटिव्ह आली की पुढे काय? दाढ कोण बघणार? तसंच घोड्याला गिळता येत नाही, लाळ गळतेय, तर ते रेबीजही असू शकतं, तिथे घरच्याने तोंडात हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून तर जवळ डॉक्टर पाहिजे म्हणतोय.

लगामाचं वेगळं सांगतो. घोड्याचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडायला लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत पक्के दात पुरे होतात. नेमकं याच वयात त्याला लगाम देतात, नाचायला शिकवतात. पडू घातलेल्या दुधाच्या दाढेचं उरलेलं कवच, टोपी म्हणतात ते, नव्या दाढेवर अडकलेलं असतं, हिरडी सुजलेली असते, दाढांच्या पुढे लांडगेदात म्हणतात तो छोटा दात काही घोड्यांना असतो आणि त्यावर लोखंड आपटतं. घोडा डोकं झटकतो, मग लोक म्हणतात अडेल आहे, आणि कडक लगाम लावतात. काटेरी लगाम तर १९६५ च्या केंद्राच्या नियमांनी ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना बंद आहे, तरी तो दिसतो. आमच्याच धंद्यातले काही लोक वापरतात, हे मी उघड लिहितो, मला बोलणी बसली तरी बसू देत. पण नुसता दंड करून तो जाणार नाही, त्या घोड्याचं तोंड का दुखतंय हे मालकाला दाखवलं तर जाईल.

सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुकांना बाहेरून घोडे येतील, नाशिक-त्र्यंबकेश्वरला, तेही गर्दीत, वाजंत्रीत, तासन्‌तास तोंडात लगाम घेऊन. दुखऱ्या तोंडाचा घोडा गर्दीत बिथरला तर लगाम ओढला की तो अजून बिथरतो. हा माणसांच्याही सुरक्षेचा प्रश्न आहे, तुमच्या खात्यासोबत कुंभाचं नियोजन करणाऱ्यांनीही याच्याकडे बघावं.

केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवं, खेचरं, उंट घेतले, पैदाशीच्या प्रकल्पाला ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. चांगलं केलं. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू मिळून ३.४ लाखच उरले होते, २०१२ पेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त घट. पण जे आहेत त्यांचं तोंड बघायला एक गॅग आणि कानशींचा एक सेट जिल्ह्याला मिळत नसेल तर नवीन पैदास करून ती कुणाच्या भरवशावर ठेवायची?

इमारत नको, नवीन योजना नको. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात दोन डॉक्टरांना परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून नाहीतर रेसकोर्सवर काम करणाऱ्या डॉक्टरांकडून हे शिकवा, एक सेट आणि गुंगीची औषधं द्या, १९६२ या फोन नंबरवर येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला तोंडाच्या तक्रारीची लक्षणं सांगून ठेवा म्हणजे ते केस पुढे पाठवतील. आणि सिंहस्थाआधी घोडेवाल्यांसाठी दातांचं एक शिबिर घ्या. लग्नसराईत आम्हाला वेळ नसतो, शिबिर पावसाळ्यात ठेवा, तेव्हा घोडे दावणीलाच असतात. माणसं, पाणी, सावलीची जागा आमची, घोडे धरायलाही आम्हीच. तुमच्या ऑफिसने तारीख कळवावी.

आपला,
पंचवटीतला एक घोडेवाला, नाशिक