यादी डकवून थकबाकी वसूल होत नाही

मा. संपादक,

सांगली-मिरजेत कित्येक सोसायट्यांच्या जिन्याखाली थकबाकीदारांची यादी डकवलेली असते. त्याने पैसे येत नाहीत, भांडणाला निमित्त मात्र मिळते. थकबाकीदाराचे पाणी तोडणे तर त्याहून वाईट. उपविधींनी, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीने, समितीला तो अधिकार दिलेलाच नाही.

पूर्वी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली जाणारी गृहनिर्माण संस्थांची वसुली प्रकरणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५४ब-२९ खाली सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जातात. अर्जासोबत बिलांच्या प्रती, खातेउतारा, मागणीच्या नोटिसा व त्यांची पोहोच, देखभाल खर्चाचा दर ठरवणारा सर्वसाधारण सभेचा ठराव आणि कारवाईसाठी समितीचा ठराव जोडावा. वसुलीचा दाखला मिळाल्यावर वसुली अधिकारी सहकारी संस्था नियमांतील नियम १०७ प्रमाणे जप्तीपर्यंत जाऊ शकतो.

घोडे अडते ते व्याजापाशी. आदर्श उपविधींप्रमाणे व्याज सरळव्याजाने, वार्षिक २१ टक्क्यांच्या आत आणि सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दरानेच घ्यायचे असते. हिशेब लिहिणारा मात्र दर महिन्याचे व्याज पुढच्या मुद्दलात मिसळतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चक्रवाढ चालू राहिल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन-तीन वर्षांनी आकडा फुगतो, सभासद नेमके तिथेच बोट ठेवतो आणि खरी बाकीही वादात सापडते. मुद्दल व व्याजाचे रकाने वेगळे ठेवले तर ही वेळ येत नाही. भाडेकरू ठेवणाऱ्याकडून घ्यायचे बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या (महापालिकेचे कर वगळून) १० टक्क्यांपुढे नेता येत नाही, हे काही समित्यांच्या गावीही नसते.

जिन्यात सामान, दुसऱ्याच्या जागेत गाडी अशा उपविधीभंगाला दंड लावायचा, तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाचे म्हणणे ऐकणे आणि शेवटी सर्वसाधारण सभेचा निर्णय. सचिवाने व्हॉट्सॲपवर जाहीर केलेला दंड टिकत नाही.

इमारत सहकारी संस्था म्हणून नव्हे, तर १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली असेल, तर तिथे तिचे घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) व त्याला जोडलेले उपविधी पाहावे लागतात. शेजारच्या सोसायटीची नोटीस नाव बदलून पाठवणे हा आपल्याकडचा आवडता उद्योग, पण कलमच चुकीचे असल्यावर तिला अर्थ उरत नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. व्याजदर आणि दंड हे विषय त्या विषयपत्रिकेत छापावेत, ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून उरकू नयेत.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली