तुमच्या नकारांबद्दल, वस्ताद

वस्ताद,
स.न.वि.वि.

आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, हे ठाऊक आहे. समोर बसून दोन शब्द बोलायला गेलं की तुम्ही ‘चहा सांगा’ म्हणून विषय बदलता. म्हणून चार लोकांच्या देखत लिहितोय. इथून तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली. उसाचा ट्रक यायचा, भरलेलं वजन, मग रिकामं वजन, पावती, पुढची गाडी. हंगामात दिवस-रात्र हेच. आवाजावरून कुठली गाडी गेटवर आली ते न बघता सांगायचो, पण तिच्या पोटात नेमकं काय चालतं, याचा पत्ता नव्हता. निवृत्तीनंतर इचलकरंजीच्या बाजूला एका वीटभट्टीवर चाकं मातीत रुतलेली जुनी टाटा-मर्सिडीज, म्हणजे ट्रक, दिसली. भट्टीवाला ती कापून भंगारात घालणार होता. मी भंगाराच्याच भावानं घेतली, म्हणजे किलोवर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावानं पावत्या फाडल्या. काट्यावरची माझ्या नावाची ही पहिली पावती.

मर्सिडीज हे काही मी कौतुकानं म्हणत नाही. टेल्को, म्हणजे टाटांची ट्रक कंपनी, आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझचा करार १९५४ सालचा, पंधरा वर्षांचा. त्या काळात जमशेदपूरहून निघालेल्या ट्रकच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असायचा. १९६९ला करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. माझ्या गाडीवर तारा आहे, अर्धा झिजलेला. त्यामुळे नातू शाळेत सांगतो, आजोबांकडे मर्सिडीज आहे. बाईंना खोटं वाटलं, पण पोरगं खरं बोलत होतं.

गाडी दारात आल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. ‘हे इंजिन काढा, ६९७ टाका’ हे तर येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा. त्यात चूक काही नाही. ६९७ इंजिन मोठं, त्याचे पार्ट मिळतात, आणि त्या पिढीच्या कितीतरी गाड्यांत मालकांनी तेच केलं. मीही जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात कुणीतरी तुमचं नाव काढलं. एसटीच्या वर्कशॉपात इंजिनांच्या डिझेल पंपांचं काम करून रिटायर झालेले, आता कुणाचं काम घेत नाहीत, पण बघायला येतील.

तुम्ही आलात, गाडीभोवती एक फेरी मारलीत, बोनेट वर केलंत, ऑइलची पट्टी काढून बोटावर घासलीत आणि वास घेतलात. मग एकच प्रश्न. ‘कुणी स्टार्टर मारला न्हाई न्हवं?’ मी म्हटलं, नाही, बॅटरीच नाही. ‘मग हाय जीव. ह्येच इंजिन ठेवायचं.’ ६९७चा विषय मी काढला, तर म्हणालात, ‘मग ताराबी काढा.’

हा तुमचा पहिला नकार. तेव्हा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

सहा सिलिंडर, साधारण साडेचार लिटर, शंभर घोडे. आज तेवढी ताकद घरगुती मोटारीतही सापडते. जाम झालेलं इंजिन सुटावं म्हणून तुम्ही सगळे नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्या, काढायला लावलेत, भोकांतून डिझेल आणि ऑइल एकत्र करून ओतायला सांगितलंत आणि निघून गेलात. रोज सकाळी हँडल हातानं दाबून बघायचं, जोर लावायचा नाही, झटका द्यायचा नाही. शेजारचे पाटील विचारायचे, ‘आज हलली का?’ आणि मी ‘नाही’ म्हणून चहाला जायचो. पाऊस सुरू झाला, ताडपत्री घातली, पण हँडल दाबणं चालूच. एके दिवशी ते वितभर सरकलं. फोन केला तर तुम्ही म्हणालात, ‘बरं. आता परत ठेवा.’

पण आभार मुख्यतः गव्हर्नरबद्दल, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाबद्दल, मानायचे आहेत.

मला वाटायचं, ॲक्सिलरेटर दाबला की पंपातून डिझेल जास्त जातं, तार सरळ पंपाला जोडलेली असणार. या इंजिनात तसं नाही, हे तुम्ही ओट्यावर खडूनं काढून समजावलंत. पाय दाबला की हवा आत येण्याच्या घशातली एक पातळ झडप उघडते, बस. झडप मिटलेली असेल तर तिच्या मागं व्हॅक्यूम तयार होतो. तो एका बारीक नळीतून पंपाच्या मागच्या डबीत पोचतो. डबीत चामड्याचा डायफ्रॅम असतो, तो रॅकला, म्हणजे डिझेलचं माप ठरवणाऱ्या पंपातल्या दांडीला, ओढून धरतो आणि डिझेल कमी करतो. झडप उघडली की ओढ सुटते, मागची स्प्रिंग रॅक पुढं ढकलते, डिझेल वाढतं. म्हणजे इंजिन स्वतःच्या श्वासावर स्वतःला आवरतं. आणि ते चामडं फाटलं तर? ओढायला कुणी उरत नाही, स्प्रिंग रॅक पूर्ण ढकलते आणि इंजिन पिसाळतं.

मग तुम्ही तपासणी दाखवलीत. अवजार काही लागलं नाही. स्टॉपचा लिव्हर ओढून धरला, डबीकडे येणारी नळी सोडवली, त्या तोंडावर अंगठा घट्ट दाबला आणि लिव्हर सोडला. डायफ्रॅम धड असेल तर रॅक थोडी सरकून अडते आणि अंगठा काढल्यावरच पूर्ण जाते. माझी रॅक सरळ निघून गेली. तुम्ही मला तेच करायला लावलंत. अंगठ्याला हवेची ओढ जाणवायला हवी होती, ती नव्हती. डबी उघडली, तर आतलं चामडं पावसात भिजून उन्हात वाळलेल्या कोल्हापुरी चपलेसारखं झालेलं. तेल पाजून बघितलं, नरम झालं, पण कडेला चीर निघाली. नवा डायफ्रॅम तुम्ही तुमच्या पत्र्याच्या डब्यातून काढलात. किंमत विचारली, तर ‘बसवल्यावर बघू’. बसवून झाला, अजून बघितलेलं नाही. तेवढं एकदा बघा.

बसवताना तुम्ही स्टुलावर बसून होतात. पान्याला हात लावला नाहीत. मी स्क्रू तिरका धरला की घसा खाकरायचात. मी वैतागून म्हणालो, तुम्हीच का करत नाही, पाच मिनिटांत होईल. ‘उद्या घाटात बंद पडली तर मी यिऊ व्हय?’ ही गाडी घाटात जाणार नाही, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

चाकांचं सांगतो, कारण यातून कुणाचा तरी जीव वाचेल. नऊशे-वीस मापाचे टायर तीन तुकड्यांच्या रिमवर असतात, टायर अडवून धरणाऱ्या लॉकिंग रिंगवाल्या. गंजलेली रिंग हवा भरताना सुटली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी येते. मी कॉम्प्रेसर भाड्यानं आणला होता आणि घरीच हवा भरायच्या तयारीत होतो. तुम्ही कॉम्प्रेसरची वायर काढून खिशात घातलीत आणि चाकं हमरस्त्यावरच्या टायरवाल्याकडं पाठवलीत. त्याच्याकडं पिंजरा आहे, चाक आत ठेवून तो लांबून हवा भरतो. दोन रिंगा त्यानं बघताक्षणी बाद केल्या. हौशी लोकांनी घरी करण्यासारखं पुष्कळ काम या गाडीत आहे, पण हे त्यातलं नाही.

केबिनचं फार लिहीत नाही. त्या काळी बरेचसे ट्रक कंपनीतून चासी, म्हणजे सांगाडा, आणि पुढचा काऊल, म्हणजे बोनेटमागचा पत्रा, एवढेच यायचे, बाकी केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार बांधायचे. तेव्हा ‘कंपनीसारखी केबिन’ करायचा प्रश्नच नव्हता. गावातल्या सुतारानं जुने तुकडे नमुन्याला धरून नवी लाकडं घातली आणि काम छान झालं. रंगाबाबत मात्र मी चमकणारा निळा ठरवला होता आणि तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणालात. तुमचं ‘हं’ म्हणजे काय, हे मला तोवर कळायला लागलं होतं. गाडी साध्या तेली रंगात आहे. फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचा मोह पेंटरला आवरेना. २०१५ साली राज्याच्या परिवहन खात्यानं त्यावर बंदी घातली, हे त्याला सांगितलं, तर म्हणाला, तुमची गाडी कुठं रस्त्यावर जाणार आहे! मुद्दा बिनतोड होता. लिहून घेतलं.

आणि खरंच, रस्त्यावर जाणार नाही. २०२१चा व्हिंटेज गाड्यांचा नियम दुचाक्यांना आणि खासगी चारचाकींना आहे, मालवाहू गाडी त्यात बसत नाही. आमच्या रानातल्या वाटेवर, विहिरीपासून गोठ्यापर्यंत, एवढीच तिची हद्द. लोक विचारतात, मग एवढा खर्च कशाला? तुम्ही हे एकदाही विचारलं नाहीत. त्याबद्दलही आभार.

पहिल्यांदा चालू केली तो दिवस. लाइनमधली हवा काढायला तुम्ही मलाच लावलंत. डिझेल फिल्टरचा स्क्रू सैल, हँडपंप दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग घरात निरोप गेला, ‘वहिनी, एक पाट द्या. जेवायचा.’ ही म्हणाली, आत्ता कोण जेवायला बसतंय? तो पाट तुम्हाला हवेच्या घशावर दाबायला हवा होता, इंजिन पिसाळलंच तर. हवेचा फिल्टर काढलेला, तुम्ही मडगार्डवर उभे, दोन्ही हातांत शिसवी पाट. मी हीटर दिला, म्हणजे चालू करण्याआधी सिलिंडर तापवायला वीज सोडली. डॅशवरची तार लाल होईना. सहाही हीटर प्लग एका ओळीत जोडलेले, एक गेला की सगळे गप्प. तारेचा तुकडा घेऊन एकेक प्लग वगळत गेलो, चौथा मेलेला निघाला. तो बदलला, तार हळूहळू लाल झाली. तुम्ही मान हलवलीत.

पहिल्या फेऱ्यांना नुसता पांढरा धूर. मग दोन सिलिंडर, मग चार, मग सगळी गाडी थरथरली आणि आवाज चढला. चढतच गेला. तुम्ही पाट खाली आणलात, पण टेकवला नाहीत, दोन बोटं अंतर ठेवून थांबलात. आवाज तिथून उतरला आणि खाली स्थिर झाला. डायफ्रॅमनं धरलं होतं. ही दारात उभी होती, म्हणाली, माझा पाट द्या आता.

तो आवाज मी काट्याच्या खिडकीतून कितीतरी हंगाम ऐकलेला. त्यात घशातून हवा ओढल्याची बारीक शीळ असते, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

एवढंच लिहायचं होतं. खंडेनवमीला पाने, हातोड्या, तुमचं ते स्टूल, सगळं मांडून पूजा करणार आहे, तेव्हा दुपारी या. जेवूनच जायचं. दुसरा गिअर सुटतोय, पण गिअरबॉक्स मी उघडलेला नाही, तुम्ही बघितल्याशिवाय उघडणारही नाही. पाचव्या नोझलचा फवारा मात्र मला तिरका वाटतो. टेस्टर घेऊनच या.

आपला,
काट्यावरचा कारकून