रंग छान झालाय, पण गार्ड कुठे गेला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुनी हत्यारं, जुन्या मशिनी गोळा करून त्यांना नवं रूप देणाऱ्या हौशी मंडळींवर लेख आला होता. वाचून बरं वाटलं, कारण मी स्वतः त्याच जमातीतला. आयुष्य टूलरूममध्ये (कारखान्यात हत्यारं आणि साचे बनतात त्या खात्यात) गेलं, आता निवृत्त, चिंचवडला घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे आणि त्यात जुने बेंच ग्राइंडर एकूण सात. (ग्राइंडर म्हटलं की बऱ्याच घरात इडलीचं पीठ आठवतं म्हणून सांगतो, मी बोलतोय ते मधे मोटर आणि दोन्ही टोकांना दोन दगड असं टेबलावर बोल्ट करायचं मशिन, ज्याच्यावर ड्रिलला, छिन्नीला, पटाशीला धार लावतात ते.) तर लेख चांगला होता, तक्रार फोटोबद्दल आहे. लाल रंगात चमकणारा, पितळी नेमप्लेट पॉलिश केलेला आठ इंची ग्राइंडर, बघून कोणालाही वाटेल वा काय मशिन आहे. मला मात्र चहाचा कप खाली ठेवावा लागला. डाव्या दगडावर गार्डच (लोखंडी कवच) नाही, टूलरेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) आणि दगडाच्या मधे बोट जाईल एवढी फट, आणि कहर म्हणजे दगडाच्या बाजूलासुद्धा पांढरा रंग मारलाय!

आता दगडाला रंग लावला तर एवढं काय बिघडलं असं वाचकांना वाटेल. बिघडलं हे, की त्या बाजूला जो गोल कागद चिकटवलेला असतो त्याच्यावर दगडाची सगळी कुंडली असते, A60K5V असलं काहीतरी. A म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ६० म्हणजे दाणा किती बारीक, K म्हणजे दगड किती कडक, ५ म्हणजे दाण्यांची रचना किती दाट की विरळ, V म्हणजे भट्टीत भाजलेलं मातीचं बाँडिंग, आणि त्याच्याजवळच लिहिलेला असतो जास्तीत जास्त आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे. रंगाखाली हे सगळं गेलं, आणि दगडाला तडा असेल तर तोही गेला.

हिशोब करून बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असल्या मशिनची टू पोल मोटर साधारण २८५० आरपीएमने फिरते. आठ इंची दगड म्हणजे २०० मिलिमीटर, एका फेऱ्यात कडेचा प्रत्येक दाणा ६२८ मिलिमीटर धावतो, गुणाकार केला की सेकंदाला जवळजवळ ३० मीटर, म्हणजे ताशी १०७ किलोमीटर. एक्सप्रेसवेवरच्या गाडीचा वेग, आणि आपलं तोंड त्याच्यापासून हातभर अंतरावर. साधे भाजलेले दगड सेकंदाला ३३-३५ मीटरपर्यंतचेच असतात, म्हणजे आठ इंचीला फार काही शिल्लक राहत नाही, आणि हे दगड चांगला असेल तर.

चांगला नसेल तर काय होतं ते मी बघितलंय. नोकरीची सुरुवात होती, भोसरीतलं एक वर्कशॉप, नाव घेत नाही. शनिवारी सुट्टीच्या आधी दगड बदलताना माझ्या हातातून नवा दगड फरशीवर पडला. वरून बघितलं तर काही दिसेना, फोरमन ओरडेल म्हणून गुपचूप उचलला आणि बसवून टाकला. सोमवारी सकाळी ग्राइंडर चालू केला आणि मी बाजूच्या शेगड्यावर (व्हाइसवर) जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, पकडायला वळलो तेवढ्यात फाडकन आवाज, दगडाचे तीन तुकडे, दोन गार्डच्या आत अडकले आणि एक समोरच्या तोंडातून निघून वरचा सिमेंटचा पत्रा फोडून गेला. कोणाला लागलं नाही. गार्डच्या लोखंडाला आतून मुठीएवढा पोचा आला होता, आणि मी त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

फोरमनने नंतर शिकवलं ते आज सगळ्यांना सांगतो. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून वाजवून घेतो ना, तसाच दगड वाजवून घ्यायचा. भोकात बोट घालून टांगायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने चार ठिकाणी हलकेच ठोकायचा. टण्ण वाजला तर ठीक, बद्द वाजला तर टाकून द्यायचा. मात्र दगड कोरडा आणि स्वच्छ पाहिजे, तेल प्यायलेला किंवा ओला दगड धड असला तरी बद्दच वाजतो. आणि नुसतं वाजवूनही भागत नाही, बसवल्यावर पहिला मिनिटभर बाजूला उभं राहून रिकामा फिरवायचा.

म्हणून माझा नियम असा, की जुन्या बाजारातून मशिन आणायचं पण त्याच्यावरचा दगड पहिल्या दिवशीच काढायचा. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे ग्राइंडर पावसात, चिखलात, कधी एका कुशीवर पडलेला मिळतो. दगड सच्छिद्र असतो, खालच्या अर्ध्या भागात पाणी नाहीतर तेल मुरतं, एक बाजू जड होते आणि चालू केल्यावर टेबलासकट मशिन नाचायला लागतं. लोक म्हणतात बेअरिंग गेलं. अहो, बेअरिंगला का दोष देताय? दगड काही दुर्मिळ वस्तू नाही की जपून ठेवावा. आपल्या उरणजवळ मोऱ्याला १९४१ साली सुरू झालेली ग्राइंडवेल नॉर्टन आहे, मद्रासकडची कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ ची आहे, बोहरी आळीत कुठल्याही दुकानात दगड मिळतो. नेताना फक्त शाफ्टचा व्यास मोजून न्यायचा, कारण जुने शाफ्ट अर्धा इंच, पाच अष्टमांश, पाऊण इंच असे इंचांतले आणि दगडाचं भोक बऱ्याचदा सव्वा इंची, मधे बरोबर मापाचं बुश (भोकात बसणारी कडी) लागतं. तिथे पुठ्ठा गुंडाळून जुगाड केलेला मी स्वतः उघडून बघितलाय, वर मालक अभिमानाने सांगत होता की वर्षभर चाललाय.

आता मूळ विषय, मशिन सुधारणं. लेखात दोन कॉलम रंगावर होते, सँडिंग, प्रायमर, हॅमरटोन वगैरे. माझ्या मते रंग हे अगदी शेवटचं काम, आणि नाही केलं तरी चालतं. माझा पहिला ग्राइंडर, रॅलीवुल्फ कंपनीचा सहा इंची, भंगारवाल्याने अक्षरशः वजनावर दिला, तो अजून मळक्या राखाडी रंगातच आहे. पण स्विच बंद केला की मिनिटभराहून जास्त वेळ आवाज न करता फिरत राहतो. माझ्यासाठी परीक्षा ती. नवे स्वस्त पत्र्याचे ग्राइंडर बंद केल्यावर घरघर करत दहा-पंधरा सेकंदात थांबतात, जुन्यांचं बिडाचं अंग आणि जड रोटर, त्यामुळे जॉब दाबला तरी मशिन गुदमरत नाही. म्हणून तर हा नाद.

आणल्या आणल्या प्लग लावून बघायचा मोह होतो, तो आवरायचा. आधी हाताने फिरवून बघायचं, मग मेगर, म्हणजे इन्शुलेशन तपासायचा मीटर. ५०० व्होल्टचा मेगर लावून वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) आणि बॉडीमधे निदान १ मेगओहम तरी दाखवला पाहिजे. पावसाळ्यात भिजलेलं मशिन दाखवत नाही, म्हणून लगेच वाइंडरकडे पळायचं नाही, पत्र्याच्या डब्यात १०० वॅटचा जुना बल्ब लावून मोटर दोन रात्री आत ठेवायची, माझी तीन मशिनं नुसत्या बल्बवर बरी झालीत. वायर मात्र बदलायचीच, जुन्या रबरी वायरचं इन्शुलेशन हाताने चुरगळलं की बिस्किटासारखं पडतं, आणि टू पिन असेल तर काढून थ्री पिन लावा, अर्थिंग बॉडीला नीट स्क्रूने, रंग खरवडून. सिंगल फेज असेल तर कॅपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करायचा, नाहीतर तो शॉक देऊन आपली ओळख करून देतो.

उघडताना सगळ्यात जास्त शिव्या खातो तो डावीकडचा नट. समोर उभं राहिलं की डाव्या हाताच्या शाफ्टला उलटे आटे असतात, फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. हे माहीत नसलेला माणूस पान्ह्याला पाइप लावून जोर करतो आणि आटे तरी जातात नाहीतर दगड तरी. याच्यावरून एक गंमत. माझं एक मशिन रिवाइंड करून आणलं, वाइंडर माणूस चांगला पण स्टार्टिंगच्या दोन वायरी उलट जोडल्या, मोटर उलटी फिरायला लागली. नशीब दगड चढवला नव्हता, दोन्ही नट डोळ्यांदेखत सुटत सुटत बाहेर आले! तेव्हापासून दगड न लावता आधी दिशा बघतो, समोरची कड वरून खाली आली पाहिजे.

बेअरिंगचं लोक फार मनाला लावून घेतात, त्यात काही नाही. ६२०३ किंवा ६२०४ नंबरचं असतं बहुतेक, पुलरने काढायचं, हातोडीने नाही, नवीन दोन्ही बाजूंनी शील्डवालं टाकायचं. फ्लँजकडे, म्हणजे दगडाला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या लोखंडी चकत्यांकडे, मात्र नीट लक्ष द्या. दोन्ही फ्लँज एकाच मापाचे, दगडाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा लहान नकोत, दगडाला टेकणारी बाजू रंगवायची नाही, आणि दगड आणि फ्लँज यांच्यामधे कागदी चकत्या पाहिजेतच. हौशी लोक चकत्या फाडून टाकतात, घाण दिसतात म्हणून.

आणि मग डायमंड ड्रेसरने (टोकाला हिरा बसवलेलं हत्यार) दगड गोल करायचा, टूलरेस्ट दगडापासून ३ मिलिमीटरवर आणायचा, गार्डच्या तोंडाची वरची सरकती पट्टी, म्हणजे जीभ, ६ वर. दगड झिजेल तसं दर वेळी परत सरकवायचं, कंटाळा आला तरी. फोटोत जेवढी फट होती तेवढ्यात जॉब आत खेचला गेला की जॉब, दगड आणि बोट तिघांचा एकदमच निकाल.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३० होतं, ग्राइंडिंग जिथे चालतं तिथे प्रत्येक मशिनजवळ पाटी लावायची, दगडाचा सुरक्षित वेग किती आणि शाफ्टचा वेग किती. आम्ही त्या पाटीवर डबे टांगायचो ते सोडा, पण पाटी होती, आणि गार्ड काढला तर विचारणारा फोरमन होता. घरच्या वर्कशॉपमध्ये कोण विचारणार? तिथे माणूस यूट्यूब बघतो नाहीतर तुमची पुरवणी. म्हणून फोटो छापताना एकदा कोणातरी जाणकाराला दाखवला असता तर बरं झालं असतं एवढंच म्हणणं आहे, लेखकावर राग नाही.

सगळं मलाच कळतं असाही दावा नाही. निवृत्त झाल्यावर उत्साहात सासूबाईंचा जुना अडकित्ता ग्राइंडरवर धरला, दोन सेकंद जास्त झाले, पात्यावर निळी झाक आली. निळा झाला म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं. टूलरूममध्ये जन्मभर एचएसएसची (हाय स्पीड स्टील) टूलं घासलेली, ती लाल होईस्तोवर काही मनावर घेत नाहीत, तीच सवय. साध्या पोलादाला दर दोन घासांना पाण्यात बुडवावं लागतं हे माहीत असून विसरलो. त्या अडकित्त्याने आता सुपारी फुटत नाही, सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या वेळेपासून विळी शिकलगाराकडे पाठवायला लागल्या.

तर विनंती अशी की पुढच्या रविवारी चार ओळींचा खुलासा छापा, दगडाला रंग लावू नये आणि गार्डशिवाय चालवू नये एवढा. आणि फोटोतल्या त्या गृहस्थांना माझा निरोप द्या. नेमप्लेटवरून त्यांचं मशिन माझ्याकडच्या एकाचं भावंड वाटतं, आणि त्याच मॉडेलचा वाइंडिंग जळालेला एक सांगाडा मी सुट्या भागांसाठी ठेवलाय. डावा गार्ड आणि टूलरेस्ट दोन्ही शाबूत आहेत. फोन नंबर तुमच्या कार्यालयात देऊन ठेवलाय, पैसे नकोत, फक्त येताना बोल्टचं माप घेऊन या म्हणावं.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर, चिंचवड